घरविक्री आणि भाडेकरूचे हक्क

भाड्याने दिलेले घर मालकाने विकावयास काढले किंवा विकले असता त्या घरात राहणाऱ्या भाडेकरूला कायद्याने मिळणारे संरक्षण व त्याच्या हक्कांचा ऐतिहासिक विकास. या विषयात तीन स्वतंत्र प्रश्न अंतर्भूत होतात. पहिला, विक्रीमुळे भाडेकरार संपुष्टात येतो काय? दुसरा, खरेदीदाराला नवा मालक या नात्याने भाडेकरूस घराबाहेर काढता येते काय आणि येत असल्यास कोणत्या कारणांसाठी? तिसरा, घर तिऱ्हाइताला विकण्यापूर्वी ते विकत घेण्याची संधी प्रथम भाडेकरूला मिळावी काय? निरनिराळ्या काळांत व देशांत या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी दिली गेली. त्यांतून भाडेकरूचा हक्क हा केवळ एका व्यक्तीविरुद्धचा कराराचा हक्क मानावयाचा, की त्या वास्तूलाच चिकटलेला हक्क मानावयाचा, हा मूलभूत वाद पुढे आला. भारतात आणि विशेषतः मुंबई शहरात या वादाला घरांच्या टंचाईमुळे निकडीचे सामाजिक स्वरूप प्राप्त झाले.

प्राचीन व मध्ययुगीन भारतीय विचार : भाड्याच्या घराविषयीचे नियम कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘धर्मस्थीय’ या तिसऱ्या अधिकरणात आढळतात. भाड्याला तेथे ‘अवक्रय’ अशी संज्ञा आहे. मालकाने मनाई केली असताही घरात राहणाऱ्या भाडेकरूला आणि भाडे देणाऱ्या भाडेकरूला हुसकून लावणाऱ्या मालकाला, अशा दोघांनाही कौटिल्याने बारा पणांचा दंड सांगितला आहे. मात्र शिवीगाळ वा मारहाण, चोरी, बलात्काराची कृत्ये, स्त्रीसंग्रहण आणि खोटा उपभोग ही कारणे असल्यास भाडेकरूला काढणे दंडनीय ठरत नाही. भाडेकरू स्वतः होऊन घर सोडून गेला, तर त्याने वर्षाच्या भाड्याची राहिलेली रक्कम द्यावी, असाही नियम आहे. मालकाची मर्जी हे एवढेच कारण भाडेकरूला काढण्यास पुरेसे नाही आणि काढण्याची कारणे मोजकी व सांगता येण्याजोगी असावीत, हे तत्त्व यात स्पष्ट दिसते.

वास्तूच्या विक्रीची रीतही त्याच अधिकरणात सांगितली आहे. जमीन व घर विकत घेण्याचा अधिकार ज्ञाती, शेजारी व धनको यांना या क्रमाने दिलेला असून शेजारच्या चाळीस कुलांसमक्ष घरापुढे विक्रीची घोषणा करावी, असे म्हटले आहे. या क्रमात घरात राहणाऱ्या भाडेकरूचा समावेश नाही. नारदस्मृतीत परक्याच्या जमिनीवर भाडे देऊन घर बांधून राहणाऱ्याचा विचार केलेला आहे. अशा माणसाला जागा सोडताना आपण घातलेले गवत, लाकूड, विटा इ. सामान नेण्याची मुभा आहे. भाडे न देता राहिलेल्याला ती नाही.

मुसलमानी विधीतील ‘शुफा’ हा अग्रक्रयाधिकार भारतात अनेक ठिकाणी रूढीनेही पाळला जात असे. त्यात सहहिस्सेदार, वहिवाटीच्या हक्कांतील भागीदार आणि लगतच्या स्थावर मालमत्तेचा मालक या तिघांना क्रमाने खरेदीचा पहिला मान होता. हा अधिकार मालकीवर आधारलेला असल्यामुळे नुसत्या भाडेकरूला तो मिळत नसे. केवळ शेजाराच्या नात्याने मिळणारा अग्रक्रयाधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात घटनाबाह्य ठरविला. भारतीय परंपरेत अग्रक्रयाची कल्पना जुनी असली, तरी तिचा हेतू परका माणूस आत येऊ नये हा होता. राहता माणूस बाहेर पडू नये हा नव्हता.

रोमन विधी व यूरोपीय परंपरा : रोमन विधीनुसार भाडेकरूचा हक्क वैयक्तिक स्वरूपाचा होता. तो फक्त भाड्याने देणाऱ्याविरुद्ध चालत असे. मालकाने घर वा शेत विकले, तर खरेदीदार भाडेकरूला बाहेर काढू शके आणि भाडेकरूला मूळ मालकाकडून केवळ नुकसानभरपाई मागता येई. अलेक्झांडर सिव्हिरस या सम्राटाच्या इ. स. २३४ मधील एका आदेशात, खरेदीच्या वेळी तशी अट घातली नसेल तर आधीच्या मालकाने ठेवलेल्या कुळाला राहू देण्याचे बंधन खरेदीदारावर नाही, असे स्पष्ट केले आहे. गायस या विधिज्ञाने मात्र विकणाऱ्या मालकाने भाडेकरूचा उपभोग चालू राहील अशी काळजी खरेदीच्या करारातच घ्यावी, असे सांगितले होते. पुढे या नियमाचे सार ‘विक्री भाडे मोडते’ या सूत्रात सांगितले जाऊ लागले.

इंग्लंडमध्ये सुरुवातीला अशीच स्थिती होती. सु. १२३५ मध्ये तेथे एक नवा न्यायालयीन आज्ञालेख प्रचारात आला. त्याचे श्रेय विल्यम रॅली या न्यायाधीशाला दिले जाते. मुदतीच्या भाडेपट्ट्यावर जमीन धारण करणाऱ्याला मालकाकडून ती विकत घेणाऱ्याने हुसकून लावले, तर त्या खरेदीदाराविरुद्ध दाद मागण्याची सोय या आज्ञालेखाने झाली. म्हणजे भाडेपट्टेदाराच्या हक्काचा तिऱ्हाइताविरुद्ध विस्तार झाला, तो मुळात विक्रीच्या प्रसंगातून होय. मठांच्या जमिनी जप्त होऊन मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्यानंतर १५४० मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत एक अधिनियम संमत झाला. त्यान्वये भाडेपट्ट्यातील शर्तींचे फायदे व दायित्वे नव्या मालकाकडे जाऊ लागली. तरीही भाडेकरूने नव्या मालकाला मालक म्हणून मान्यता दिल्याखेरीज हस्तांतरण पुरे होत नसे. ही अट १७०५ च्या अधिनियमाने काढून टाकण्यात आली.

यूरोप खंडात रोमन नियमाविरुद्धची प्रतिक्रिया अधिक उघड होती. नेदर्लंड्समध्ये ‘विक्री भाडे मोडत नाही’ हे उलट सूत्र रूढ झाले. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने अधिकृत दस्ताचा किंवा निश्चित तारखेचा भाडेपट्टा असलेल्या भाडेकरूला खरेदीदारापासून संरक्षण दिले. जर्मन नागरी संहितेच्या १८८८ च्या पहिल्या मसुद्यात रोमन नियमच ठेवला होता. ओटो फोन गीर्के आदी विधिज्ञांनी त्यावर टीका केली. परिणामी १८९६ मध्ये संमत होऊन १९०० पासून अमलात आलेल्या संहितेत खरेदीदार भाडेकरारात मूळ मालकाच्या जागी येतो, हे तत्त्व स्वीकारण्यात आले.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ : भारतातील आधुनिक विधीचा पाया या अधिनियमाने घातला. मुंबई इलाख्याला तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या १०५ व्या कलमान्वये भाडेपट्टा म्हणजे स्थावर मालमत्तेच्या उपभोगाच्या हक्काचे हस्तांतरण होय. भाडेकरूकडे मालमत्तेतील एक हितसंबंध आधीच गेलेला असल्यामुळे मालक पुढे विकतो तो त्या हितसंबंधाने भारित झालेली मालकी. त्यामुळे विक्रीने भाडेपट्टा आपोआप संपत नाही.

विक्रीचे परिणाम १०९ व्या कलमात सांगितले आहेत. विरुद्ध करार नसेल, तर हस्तांतरिताला म्हणजे खरेदीदाराला भाडे देणाऱ्याचे सर्व हक्क मिळतात. भाडेकरूने पसंत केल्यास भाडे देणाऱ्याची सर्व दायित्वेही खरेदीदारावर येतात. केवळ विक्री केली म्हणून मूळ मालक आपल्या दायित्वातून सुटत नाही. भाडेकरूने खरेदीदाराला जबाबदार धरण्याचे ठरविले तरच तो सुटतो. या निवडीचे व्यावहारिक महत्त्व अनामत रक्कम, कबूल केलेली दुरुस्ती इ. बाबतींत जाणवते. विक्रीपूर्वीचे थकलेले भाडे मागण्याचा हक्क या कलमाने खरेदीदाराला दिलेला नाही. विक्री झाली आहे असे मानण्यास कारण नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडे दिले, तर ते नव्या मालकाला पुन्हा देण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. घराचा काही भागच विकला गेला, तर भाड्याची वाटणी तिन्ही पक्षांनी ठरवावी व न जमल्यास न्यायालयाने ठरवावी, अशीही तरतूद आहे. नव्या मालकाचा हक्क पूर्ण होण्यास भाडेकरूच्या मान्यतेची गरज राहिली नाही. तथापि विक्रीची सूचना भाडेकरूला देणे खरेदीदाराच्याच हिताचे ठरले.

हे संरक्षण अपुरे होते, कारण ते भाडेपट्ट्याच्या मुदतीपुरतेच होते. शहरातील बहुसंख्य भाडेकरू महिनेवारीने राहत. अशा भाडेपट्ट्याची समाप्ती १०६ व्या कलमानुसार पंधरा दिवसांच्या नोटिशीने करता येई. त्यामुळे विक्रीने भाडेपट्टा मोडत नसला, तरी खरेदीदार दुसऱ्याच दिवशी नोटीस देऊन तो संपवू शके. ज्याच्याशी करार केला तो मालक बदलला, की घर टिकेल याची शाश्वती उरत नसे.

मुंबईतील भाडेनियंत्रण : ही उणीव मुंबईत प्रथम तीव्रतेने जाणवली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नगर सुधारणा न्यासाने दाट वस्तीचे भाग पाडून रस्ते काढले. गिरण्यांच्या वाढीबरोबर कोकण व देशावरून येणाऱ्या कामगारांची संख्या वाढत गेली. शहराची लोकसंख्या १९११ मध्ये सु. ९.८ लाख होती, ती १९२१ मध्ये सु. ११.८ लाख झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधकाम मंदावले व भाडी चढली. ब्रिटनमध्ये ग्लासगो येथील भाडेबंदीच्या लढ्यानंतर १९१५ मध्ये भाडेनियंत्रणाचा अधिनियम झाला होता. मुंबईत त्या धर्तीचे अधिनियम १९१८ मध्ये करण्यात आले. ते तात्पुरते होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास १९३९ व १९४४ मध्ये नवे अधिनियम आले आणि त्यांच्या जागी मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ हा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला.

या अधिनियमाने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे सामान्यतः प्रमाणभूत भाडे ठरविले. भाडेकरू प्रमाणभूत भाडे व अनुज्ञेय वाढ देत असेल किंवा देण्यास तयार असेल, तोवर त्याच्याकडून ताबा घेता येणार नाही, असे त्याच्या १२ व्या कलमाने सांगितले. तेराव्या कलमात ताबा मिळण्याची कारणे नमूद केली. ‘मालक’ या संज्ञेत त्या वेळी भाडे घेण्यास हक्कदार असलेली कोणतीही व्यक्ती येत असल्याने खरेदीदारावरही ही बंधने लागू झाली. घर विकावयाचे आहे किंवा विकले आहे, हे ताब्याचे स्वतंत्र कारण या यादीत नव्हते. विक्रीचा उल्लेख एकाच ठिकाणी आला. भाडेकरूने स्वतः होऊन घर सोडण्याची नोटीस दिली, तिच्यावर विसंबून मालकाने घर विकण्याचा वा पुन्हा भाड्याने देण्याचा करार केला आणि आता ताबा न मिळाल्यास मालकाचे गंभीर नुकसान होईल असे न्यायालयाला वाटले, तर ताबा देता येत असे. म्हणजे विक्री हे कारण ठरे, ते भाडेकरूच्या स्वतःच्या शब्दामुळे. मालकाच्या इच्छेमुळे नव्हे.

विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद अधिनियम लागू होता. विदर्भातील आदेशानुसार भाडेपट्टा संपविण्याची नोटीस देण्यापूर्वी भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. या तिन्ही व्यवस्थांच्या जागी महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून संपूर्ण राज्यासाठी अमलात आला. १९४७ च्या अधिनियमातील ताब्याच्या कारणांची मुख्य चौकट नव्या अधिनियमाच्या १६ व्या कलमात कायम राहिली.

भाडी गोठविल्याचा परिणाम मालमत्तेच्या किंमतीवर झाला. एकाच इमारतीला दोन किंमती आल्या : रिकाम्या ताब्याची एक आणि भाडेकरूंसह दुसरी, पहिलीपेक्षा पुष्कळच कमी. या दोन किंमतींमधील तफावत हेच पुढील बहुतेक संघर्षांचे मूळ ठरले. मालकाला नाममात्र भाड्यात दुरुस्ती व कर भागविणे कठीण जाई. त्यामुळे तो इमारत स्वस्तात विकून मोकळा होई. खरेदीदाराचा लाभ मात्र भाड्यात नसून इमारत रिकामी होण्यात असे. दुरुस्ती टाळणे, पाणी तोडणे, भाड्याची पावती नाकारणे हे मार्ग अवलंबिले जात. भाड्याची पावती देणे बंधनकारक करणारी आणि पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडण्यास मनाई करणारी कलमे १९९९ च्या अधिनियमात आहेत, ती या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागतात. दुसरीकडे पागडीची प्रथा रूढ झाली. नवा भाडेकरू मोठी रक्कम देऊन जागा घेई आणि सोडताना तशीच रक्कम घेऊन तिचा हिस्सा मालकाला देई. बेकायदेशीर असलेला हा व्यवहार १९९९ च्या अधिनियमाच्या ५६ व्या कलमाने कायदेशीर झाला.

मालकांची बाजूही न्यायालयाने विचारात घेतली. मलपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडी गोठविणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी व स्वैर झाल्याचे मत दिले. मात्र त्या अधिनियमाची मुदत लवकरच संपणार असल्याने त्या रद्द केल्या नाहीत. १९९९ च्या अधिनियमाने भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली.

खरेदीदाराची स्वतःची गरज : भाडेकरूला सर्वाधिक धोका संभवतो तो ‘स्वतःच्या वापरासाठी वाजवी व खरीखुरी गरज’ या कारणापासून. जुन्या मालकाला जागेची गरज नसते. खरेदीदाराला ती असू शकते किंवा तो ती असल्याचे सांगू शकतो. भाडेकरू राहत असल्याचे ठाऊक असून घर घ्यावयाचे व लगेच गरजेचा दावा लावावयाचा, हा मार्ग मोकळा ठेवल्यास विक्री हेच हकालपट्टीचे साधन बनते. यावर तीन प्रकारचे उपाय योजलेले आढळतात.

पहिला उपाय कालमर्यादेचा. दिल्ली भाडेनियंत्रण अधिनियम, १९५८ अन्वये हस्तांतरणाने घर मिळविणाऱ्या मालकाला संपादनापासून पाच वर्षे स्वतःच्या गरजेचा अर्ज करता येत नाही. उत्तर प्रदेशाच्या १९७२ च्या अधिनियमात ही मुदत तीन वर्षांची होती आणि त्याशिवाय सहा महिन्यांची नोटीस आवश्यक होती. पश्चिम बंगालमध्ये १९५६ च्या अधिनियमात दुरुस्ती करून तीन वर्षांची अट घालण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने बी. बॅनर्जी विरुद्ध अनिता पान या खटल्यात १९७४ मध्ये ती वैध ठरविली. दुसरा उपाय ब्रिटनच्या १९७७ च्या अधिनियमात दिसतो. भाडेकरू आत असताना घर विकत घेऊन जो मालक झाला, त्याला स्वतःच्या निवासाचे कारण मुळातच उपलब्ध नसते. तिसरा उपाय तुलनात्मक हालअपेष्टांच्या कसोटीचा असून मुंबई व महाराष्ट्राच्या अधिनियमांत त्यालाच प्रमुख स्थान आहे. गरज सिद्ध झाली, तरी ताबा दिल्याने भाडेकरूला होणारा त्रास हा न दिल्याने मालकाला होणाऱ्या त्रासापेक्षा अधिक असेल, तर न्यायालय हुकूमनामा देत नाही. शक्य असल्यास जागेच्या काही भागापुरताच देते. दुसरी जागा उपलब्ध आहे काय, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा असतो. या कसोटीत दोन कुटुंबांची परिस्थिती प्रत्यक्ष तोलली जाते, परंतु निर्णयाला लागणारा काळही वाढतो.

खरेदीचा पहिला हक्क : शेतजमिनीच्या बाबतीत महाराष्ट्राने कुळाला फार पुढचा हक्क दिला. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या ६४ व्या कलमानुसार जमीन विकू इच्छिणाऱ्या मालकाने न्यायाधिकरणाकडून वाजवी किंमत ठरवून घेऊन ती प्रथम प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळाला देऊ करावयाची होती. पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरवून त्या दिवशी पात्र कुळाने जमीन खरेदी केली असे मानण्यात आले. गोव्यात १९७५ च्या मुंडकार संरक्षण अधिनियमाने भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या संमतीने राहणाऱ्या मुंडकाराला आपले राहते घर विकत घेण्याचा हक्क दिला. शहरातील भाडेकरूला मात्र भाडेनियंत्रणाने राहण्याची शाश्वती दिली. खरेदीचा सर्वसाधारण अग्रक्रय दिला नाही. जमीन कसणाऱ्याची, हे तत्त्व ‘घर राहणाऱ्याचे’ असे शहरात रूपांतरित झाले नाही.

याला एक मर्यादित अपवाद मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींचा होय. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या अधिनियमाने मंडळ स्थापून उपकर बसविण्यात आला. १९७६ च्या महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियमात १९८६ मध्ये ८-अ हे प्रकरण घालण्यात आले. अशा इमारतीतील किमान ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्थेद्वारा मागणी केल्यास शासनाने मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादावी व संस्थेकडे सोपवावी, अशी ती योजना होती. मालकांनी तिला आव्हान दिले. त्यातून ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ या संविधानातील शब्दप्रयोगाच्या अर्थाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी पीठाने बहुमताने निर्णय दिला, की प्रत्येक खाजगी मालमत्ता केवळ ती भौतिक गरज भागविते म्हणून या संज्ञेत येत नाही. एका चाळीच्या मालकीचा प्रश्न अशा रीतीने संविधानाच्या ३९ (ब) या अनुच्छेदाच्या अर्थापर्यंत पोहोचला.

इतर देशांत शहरी भाडेकरूला अग्रक्रय देण्याकडे १९७० नंतर कल दिसतो. फ्रान्समध्ये १९७५ च्या अधिनियमाने इमारतीचे गाळे पाडून होणाऱ्या पहिल्या विक्रीत भाडेकरूला अग्रक्रयाधिकार दिला. १९८९ च्या अधिनियमानुसार विक्रीसाठी भाडेकरूला दिलेली सहा महिन्यांची नोटीस हीच त्याला विक्रीचा देकार ठरते आणि तो पहिले दोन महिने खुला असतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात १९८० पासून विक्रीपूर्वी भाडेकरूंना खरेदीची संधी देण्याचा कायदा झाला. ब्रिटनच्या १९८७ च्या अधिनियमाने सदनिकांच्या इमारतीची विक्री करताना ती प्रथम पात्र भाडेकरूंना देऊ करणे मालकावर बंधनकारक केले. ती स्वीकारण्यास निम्म्याहून अधिक भाडेकरूंची संमती लागते. जर्मनीत १९९३ पासून भाड्याच्या घराचे स्वतंत्र मालकीच्या सदनिकेत रूपांतर होऊन विक्री होत असल्यास भाडेकरूला अग्रक्रय मिळतो. त्याशिवाय खरेदीदाराला स्वतःच्या गरजेसाठी तीन वर्षे आणि टंचाईच्या भागांत दहा वर्षांपर्यंत थांबावे लागते. याउलट इंग्लंडसाठी २०२५ मध्ये संमत झालेल्या भाडेकरूविषयक अधिनियमात मालकाची विक्रीची इच्छा हे ताब्याचे स्वतंत्र कारण मानले आहे. परंतु त्यासाठी चार महिन्यांची नोटीस आवश्यक असून भाडेवहिवाटीच्या पहिल्या वर्षात ते कारण वापरता येत नाही.

‘लीव्ह अँड लायसन्स’ची पद्धत : भाडेनियंत्रणाच्या बंधनातून सुटण्यासाठी मुंबईत मालक भाडेपट्ट्याऐवजी अनुज्ञप्तीवर जागा देऊ लागले. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा १८९१ च्या अधिनियमाने मुंबई इलाख्यास लागू झाला. त्यानुसार अनुज्ञप्ती ही केवळ वापराची परवानगी असून तिने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. दस्ताचे नाव काहीही असले, तरी पक्षांचा खरा उद्देश पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या खटल्यात सांगितले. महाराष्ट्र शासनाने १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अनुज्ञप्तिधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. त्यानंतर घरे भाड्याने देण्यास मालक कचरू लागले. पुढे १९९९ च्या अधिनियमाने मुदत संपताच अनुज्ञप्तिधारकाकडून सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा घेण्याची व जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाईची तरतूद केली. लेखी करार व त्याची नोंदणीही सक्तीची झाली. नोंदलेला करार नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

घरविक्रीच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ दूरगामी आहे. सुविधाधिकार अधिनियमाच्या ५९ व्या कलमानुसार अनुज्ञप्ती देणाऱ्याने मालमत्ता विकली, तर खरेदीदार त्या अनुज्ञप्तीने बांधला जात नाही. मोबदला देऊन राहणाऱ्याला स्वतःचा दोष नसताना मुदतीपूर्वी काढले गेल्यास ६४ व्या कलमान्वये मूळ मालकाकडून भरपाई मिळते. घर मिळत नाही. मुदतीत घर विकल्यास खरेदीदारानेही करार पाळावा, अशी अट करारातच घालून व ती विक्रीच्या दस्तात उतरवून या उणिवेवर काही प्रमाणात उपाय करता येतो. तो मूळ मालकाच्या सहकार्यावर अवलंबून असतो.

मूल्यमापन : घरविक्रीच्या प्रसंगी भाडेकरूची स्थिती काय, याचे महाराष्ट्रातील उत्तर तो कोणत्या दस्ताने आत आला, यावर ठरते. जुन्या भाडेकरूच्या दृष्टीने मालक बदलला तरी घर बदलत नाही आणि त्याचा हक्क वारसांकडेही जाऊ शकतो. त्याच इमारतीत अनुज्ञप्तीवर राहणाऱ्याची स्थिती मात्र तिसऱ्या शतकातील रोमन भाडेकरूसारखीच राहते : दाद मागावयाची ती जुन्या मालकाकडे आणि तीही पैशांतच. भाडे गोठवून दिलेल्या संरक्षणाचा बोजा मालकांच्या एका पिढीवर पडला आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून नव्या भाडेकरूंचे संरक्षण जवळजवळ नाहीसे झाले. भाड्याची रक्कम बाजारावर सोपवूनही विक्रीच्या वेळी वास्तव्याची मुदत, पुरेशी नोटीस आणि खरेदीची पहिली संधी देता येते, हे इतर देशांच्या विधींवरून दिसून येते. भाडेनियंत्रण आणि वास्तव्याची शाश्वती या दोन गोष्टी मुंबईच्या इतिहासात एकत्र आल्या असल्या, तरी विधितत्त्वाच्या दृष्टीने त्या वेगळ्या आहेत.